आकाशातला आवाज आणि जमिनीवरचा कायदा

चेन्नईच्या मीनंबाक्कम विमानतळापासून उत्तरेस, सरळ रेषेत सुमारे तेरा किलोमीटरवर, अंबत्तूर हे उपनगर आहे. १९४९ साली येथे सायकलींचा कारखाना निघाला, पुढे १९६० च्या दशकात शासनाने लघुउद्योगांची वसाहत उभी केली, आणि पाहता पाहता तळ्याकाठचे हे जुने गाव लेथ, प्रेस आणि घणांच्या आवाजाने भरून गेले. २०११ साली ते चेन्नई महानगरपालिकेत सामील झाले. विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्यांची रेषा अंबत्तूरवरून जात नाही. त्यामुळे विमाने येथे दिसतात, परंतु त्यांचा त्रास असा होत नाही. येथल्या रहिवाशाची झोप मोडते ती शेजारच्या कारखान्यातील रात्रपाळीने.

तरीही विमानांच्या आवाजाविषयीचा कायदा समजून घ्यावयाचा असेल, तर आरंभ अंबत्तूरपासून करणे सोयीचे आहे. कारण एकाच शहरात, एकाच राज्यशासनाच्या छत्राखाली, आवाजाने पीडलेल्या दोन माणसांना कायदा किती निरनिराळ्या रीतीने वागवतो, हे येथे स्पष्ट दिसते. त्यांपैकी एकाची पीडा जमिनीवरून येते आणि दुसऱ्याची आकाशातून.

अंबत्तूरच्या रहिवाशाची बाजू प्रथम पाहू. १९८१ च्या वायुप्रदूषण कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन आवाज हाही हवेचा एक प्रदूषक ठरला. त्यानंतर १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली फेब्रुवारी २००० मध्ये ध्वनिप्रदूषणाचे स्वतंत्र नियम आले. या नियमांनी वस्तीचे चार वर्ग केले. औद्योगिक भागात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी भागात ६५ आणि ५५, निवासी भागात ५५ आणि ४५, तर इस्पितळे, शाळा, न्यायालये यांच्या सभोवतीच्या शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल, अशा मर्यादा घालून दिल्या. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. कारखान्याने मर्यादा ओलांडली तर रहिवासी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाऊ शकतो. दंडाधिकाऱ्याकडे सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश मागू शकतो. हा अधिकार पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १३३ व्या कलमात होता, तो आता नागरिक सुरक्षा संहितेच्या १५२ व्या कलमात आहे. आणि हे सारे फसले तर दिवाणी न्यायालयात उपद्रवाचा दावा लावण्याचा जुना मार्ग आहेच. या वाटा लांबच्या आहेत, खर्चाच्या आहेत, आणि पुष्कळदा त्यांच्या शेवटी काहीच हाती लागत नाही, हे खरे. पण त्या आहेत.

आता मीनंबाक्कमजवळच्या पम्मल, अनकापुत्तूर, कोळपाक्कम अशा वस्त्यांकडे वळावे. विमान डोक्यावरून गेले की शिक्षकाने वाक्य अर्धवट सोडून थांबावे आणि आवाज विरल्यावर ते पुरे करावे, हा विमानतळालगतच्या शाळांचा जगभरचा अनुभव आहे. या वस्त्यांतील रहिवाशाने दिवाणी न्यायालयात धाव घेतली तर दारातच त्याला एक कलम आडवे येत असे. ते होते १९३४ च्या विमान कायद्याचे सतरावे कलम. वारा, हवामान आणि एकूण परिस्थिती ध्यानात घेता वाजवी म्हणता येईल अशा उंचीवरून विमान गेले, तर केवळ त्या उड्डाणामुळे किंवा त्याच्या स्वाभाविक परिणामांमुळे अतिक्रमणाचा वा उपद्रवाचा दावा चालणार नाही, असा त्याचा आशय होता. धावपट्टीच्या तोंडाशी विमान खालूनच जाणार. तेथे तीच उंची वाजवी ठरते. म्हणजे ज्यांना त्रास सर्वांत अधिक, त्यांच्यापुढे हे कलम सर्वांत भक्कम उभे राहते. १ जानेवारी २०२५ पासून या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली असून जुन्या कायद्याची चौकट त्याने बहुतांशी कायम ठेवली आहे.

हे कलम भारतात जन्मले नाही. ब्रिटिश पार्लमेंटने १९२० साली केलेल्या हवाई वाहतूक कायद्यात जवळजवळ याच अर्थाचे नववे कलम होते. तेच चौदा वर्षांनी येथे आले. त्या काळाचा विचार केला तर त्यात वावगे काही दिसत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपाल आणले आणि नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बळ्ळारीवरून मद्रासला नेले, तेव्हा ते एका इंजिनाचे चिमुकले विमान होते. ते पाहण्यासाठी लोक घराबाहेर धावत. अशा अर्भकावस्थेतील उद्योगाला शेताशेतावरून जाताना प्रत्येक मालकाच्या दाव्याला तोंड द्यावे लागले असते, तर विमानवाहतूक जन्मतःच गुदमरली असती. कायद्याने बालकाला पाळण्यात संरक्षण दिले. ते बालक पुढे शेकडो टनांचे झाले. संरक्षण मात्र पाळण्यातलेच राहिले.

या प्रश्नाला पहिले गंभीर वळण मिळाले ते अमेरिकेत, आणि तेही कोंबड्यांमुळे. उत्तर कॅरोलायना राज्यात कॉझबी नावाचे एक कुटुंब कुक्कुटपालन करी. दुसऱ्या महायुद्धात शेजारचा विमानतळ लष्कराने वापरास घेतला आणि बाँबफेकी विमाने त्यांच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून उतरू लागली. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरू लागल्या. सुमारे दीडशे कोंबड्या अशा गेल्या आणि धंदा बुडाला. १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला. जमिनीचा मालक तो थेट स्वर्गापर्यंतच्या आकाशाचाही मालक, ही जुनी कल्पना आधुनिक जगात टिकणार नाही, हे न्यायालयाने प्रथम सांगितले. पण त्याचबरोबर, उड्डाणे इतकी खालून आणि इतक्या वारंवार होत असतील की जमिनीचा उपभोगच घेता येऊ नये, तर शासनाने ती जमीन घेतल्यासारखेच आहे आणि त्याचा मोबदला दिला पाहिजे, असेही ठरविले. उद्योगाला संरक्षण आणि शेजाऱ्याला मोबदला या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे त्या निकालाने दाखवले.

मग हा मोबदला द्यावयाचा कोणी? विमान कंपनीने, केंद्र शासनाने, की विमानतळाच्या मालकाने? पिट्सबर्गच्या विमानतळाशेजारील ग्रिग्ज यांच्या खटल्यात १९६२ साली उत्तर आले, की ज्याने विमानतळ बांधला आणि त्यासाठी पुरेशी जमीन घेतली नाही, त्याने. उलट कॅलिफोर्नियातील बरबँक शहराने रात्री अकरा ते सकाळी सात जेट विमानांच्या उड्डाणास बंदी घातली, तेव्हा उड्डाणांचे नियमन हा केंद्राचा विषय आहे असे सांगून न्यायालयाने १९७३ साली ती रद्द केली. यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली. पैसे द्यावयाचे स्थानिक संस्थेने. विमाने थांबविण्याचा अधिकार मात्र तिला नाही. जबाबदारी एकीकडे आणि अधिकार दुसरीकडे असे झाले की प्रशासन जेथे जाते तेथेच हेही गेले, म्हणजे तिजोरीकडे. १९७९ साली अमेरिकन काँग्रेसने विमानांच्या आवाजासंबंधी कायदा केला. विमानतळाने आवाजाचा नकाशा तयार करावा, उपायांची योजना आखावी, आणि ती मान्य झाल्यास तिला केंद्रीय अनुदान मिळावे, अशी ती व्यवस्था आहे. मोठ्या विमानतळांच्या बाबतीत खर्चाचा सुमारे चार-पंचमांश भाग केंद्राकडून येतो आणि तो निधी मुख्यतः प्रवाशांच्या तिकिटांवरील करातून जमतो. घरांना दुहेरी काचांच्या खिडक्या बसविणे, शाळांचे ध्वनिरोधन करणे, अगदीच असह्य भागातील घरे विकत घेऊन लोकांना दुसरीकडे हलविणे, हे सारे त्यातून झाले.

जपानचा मार्ग निराळा. ओसाकाजवळच्या इतामी विमानतळावर १९६४ साली जेट विमाने सुरू झाली. सभोवती दाट वस्ती होती. १९६७ सालीच संसदेने कायदा करून शाळा व इस्पितळे यांच्या ध्वनिरोधनास अनुदान देण्याची सोय केली, पण घरे त्यातून सुटली होती. तेव्हा कावानिशी येथील रहिवासी १९६९ साली न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच १९७४ साली कायदा सुधारून घरांनाही अनुदान लागू करण्यात आले. १९७५ साली उच्च न्यायालयाने रात्री नऊ ते सकाळी सात उड्डाणे बंद ठेवावीत असा निर्णय दिला. १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा मनाईहुकूम उचलला; आधी सोसलेल्या त्रासाची भरपाई मात्र मान्य केली. रहिवासी कायद्याने अर्धे हरले आणि व्यवहारात जवळजवळ जिंकले, कारण इतामीवर रात्रीची उड्डाणे पुढेही बंदच राहिली. ओसाकाचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ १९९४ साली सुरू झाला, तो समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर. एका खटल्याचे पडसाद किती दूरवर उमटतात, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे.

ज्या ब्रिटनने आपल्याला हे कलम दिले, त्याने स्वतः पुढे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. दाव्यास मनाई तेथे आजही आहे. परंतु १९६३ साली विल्सन समितीने आवाजासंबंधी अहवाल दिला, १९६६ साली हीथ्रोभोवतीच्या घरांसाठी ध्वनिरोधन अनुदानाची योजना आली, आणि १९७३ च्या जमीन भरपाई कायद्याने सार्वजनिक कामांमुळे, त्यात विमानतळही आले, घराची किंमत घटल्यास भरपाई मागण्याचा हक्क दिला. फ्रान्सने तर सरळ करच बसविला. विमान जितके गोंगाटाचे आणि वेळ जितकी अवेळ तितका कर अधिक, आणि त्याचे उत्पन्न शेजाऱ्यांच्या खिडक्यांसाठी. भारताने या गोष्टीचा पहिला भाग, म्हणजे मनाई, १९३४ सालीच उचलली. दुसरा भाग उचलावयाचा राहून गेला.

भारतात या विषयाला धार आली ती दिल्लीत. तेथील विमानतळाची तिसरी धावपट्टी २००८ साली सुरू झाली आणि वसंत कुंजसारख्या वसाहतींत तक्रारींचा पूर लोटला. त्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेल्या. २०१० साली स्थापन झालेले हे न्यायाधिकरण पर्यावरणविषयक कायद्यांखालील दावे ऐकते, म्हणून दिवाणी न्यायालयाच्या बंद दाराशेजारी एक लहानशी खिडकी उघडली असे म्हणता येईल. पुढे जून २०१८ मध्ये केंद्र शासनाने विमानतळांच्या ध्वनिक्षेत्रासाठी वेगळी मानके जाहीर केली. वर्षाला ५०,००० हून अधिक वेळा विमाने चढत-उतरत असतील अशा गजबजलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. इतरांसाठी ६५ आणि ६०. चेन्नई अर्थातच पहिल्या वर्गात मोडते.

येथे आकड्यांशी थोडे थांबले पाहिजे. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५, विमानतळाच्या ध्वनिक्षेत्राची ६५. फरक वीसच दिसतो. परंतु डेसिबल ही साध्या बेरजेची मोजपट्टी नव्हे. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दसपट होते, म्हणून वीस डेसिबल म्हणजे शंभरपट. शिवाय ही मर्यादा सरासरीची आहे. समजा, रात्रीच्या आठ तासांत चार विमाने गेली, प्रत्येकाचा आवाज एक मिनिटभर ८५ डेसिबल राहिला, आणि बाकी सर्व काळ पूर्ण शांतता होती. हिशेब केला तर त्या रात्रीची सरासरी ६४ च्या आसपास येते. म्हणजे घरातली माणसे चार वेळा दचकून उठली, तान्हे मूल चार वेळा रडले, आणि कागदावर मात्र नियमभंग झाला नाही. झोप सरासरीने मोडत नाही, ती प्रत्येक विमानाने स्वतंत्रपणे मोडते, हे ज्यांनी मोजपट्टी ठरवली त्यांना ठाऊक नसेल असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी केलेल्या शिफारशीत विमानांच्या आवाजाची रात्रीची पातळी ४० डेसिबलच्या खाली असावी असे म्हटले आहे. तो आदर्श गाठणे कोणत्याही मोठ्या शहराला अवघड आहे. तथापि ४० आणि ६५ यांच्यामधील अंतर एवढे मोठे आहे, की ते भरून काढण्याचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न टाळता येत नाही.

आणि त्या खर्चाची तरतूद भारतात नाही. विमानतळाशेजारच्या घरांच्या ध्वनिरोधनासाठी अनुदान देणारी राष्ट्रीय योजना आपल्याकडे अद्याप झालेली नाही. याचा अर्थ शेजाऱ्याला भरपाई द्यावी ही कल्पनाच आपल्या कायद्याला परकी होती, असा मात्र होत नाही. १९७२ साली विमान कायद्यात दोन कलमे घातली गेली. पहिल्याने विमानतळाच्या वीस किलोमीटर परिसरात इमारतींची आणि झाडांची उंची मर्यादित करण्याचा अधिकार शासनास दिला. दुसऱ्याने त्यामुळे ज्याचे नुकसान होईल त्याला मोबदला देण्याची तरतूद केली. माणसाचा मजला वाढू दिला नाही तर कायदा त्याला पैसे देण्यास तयार होता. त्याच मजल्यावर त्याला झोपू दिले नाही तर नाही. उंचीने विमानाला धोका होतो आणि आवाजाने फक्त माणसाला, एवढाच या दोहोंतील फरक.

पैसा उभा करणे अशक्य आहे असेही नाही. मोठ्या विमानतळांवरील उतराई-शुल्क आणि प्रवाशांकडून घेतले जाणारे विकास शुल्क २००८ च्या कायद्याने स्थापन झालेले विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण ठरवते. उतराई-शुल्क आपल्याकडे मुख्यतः विमानाच्या वजनावर बसते. त्यात आवाजाचा आणि वेळेचा अंश मिळविला, मध्यरात्री उतरणाऱ्या जुन्या विमानाला अधिक आणि दुपारी येणाऱ्या शांत विमानाला कमी आकारले, आणि त्या फरकाची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवली, तर नवा कर बसविल्याचा गाजावाजा न होता निधी जमू शकतो. नियामकाच्या हिशेबवहीत शेजाऱ्याची रात्र हा खर्चाचा एक रकाना आहे, एवढे मान्य करावे लागेल.

मात्र परदेशातील उपाय जसाच्या तसा उचलून चालणार नाही. युरोप-अमेरिकेतले ध्वनिरोधन बंद खिडकीवर उभे आहे. उघड्या खिडकीचे घर बाहेरचा आवाज १० ते १५ डेसिबलने कमी करते, साध्या बंद काचेचे २० ते २५ ने, आणि दुहेरी काचेचे ३० किंवा त्याहून अधिक. चेन्नईच्या मे महिन्यात खिडकी बंद करावयास सांगणे म्हणजे आवाजातून सोडवून उकाड्याच्या हवाली करणे होय. जपानने हे ओळखले होते. तेथील अनुदानात खिडकीबरोबर वातानुकूलन यंत्रही येते. आपल्याकडे मग वीजबिलाचा प्रश्न उभा राहतो. मुंबईत तर पेच आणखी कठीण आहे. तेथील दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि कुर्ला बाजूस वस्ती थेट विमानतळाच्या भिंतीला भिडलेली आहे. पत्र्याच्या छपराखाली खिडकीची काच बदलून काय साधणार? म्हणून आरंभ घरांपासून न करता शाळा आणि इस्पितळांपासून करावा, जसा जपानने १९६७ साली केला, हे अधिक व्यवहार्य दिसते. शाळेची इमारत पक्की असते, मालक एकच असतो, ती दिवसा वापरली जाते, आणि एका छपरावर केलेल्या खर्चाचा लाभ शेकडो मुलांना मिळतो.

विमाने पूर्वीपेक्षा शांत झाली आहेत, ही या कथेची दुसरी बाजू. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९७१ साली विमानांच्या आवाजाची मानके प्रथम स्वीकारली आणि ती वेळोवेळी कडक केली. पण एकेक विमान शांत होत असताना त्यांची संख्या वाढत गेली. मीनंबाक्कमवर वर्षाला एक लाखाहून अधिक चढउतार होतात. याच संघटनेने २००१ साली सदस्य राष्ट्रांपुढे ठेवलेल्या सूत्रात शांत विमानांबरोबर उड्डाणाच्या पद्धती आणि वेळेवरील निर्बंध आहेत, आणि जमिनीच्या वापराचे नियोजनही आहे. हा शेवटचा उपाय सर्वांत स्वस्त, परंतु तो वस्ती होण्यापूर्वीच करावा लागतो. चेन्नईच्या २००८ च्या विकास आराखड्याच्या काळी मीनंबाक्कमभोवतीची वस्ती केव्हाच दाटली होती. तेथे इमारतीची उंची मोजता आली. आवाजासाठी मोकळी ठेवण्यास जमीन उरली नव्हती.

तशी जमीन एका ठिकाणी अजून आहे. चेन्नईच्या दुसऱ्या विमानतळासाठी कांचीपुरम जिल्ह्यातील परंदूरची निवड २०२२ साली जाहीर झाली. सुमारे पाच हजार एकर जमीन आणि तेरा गावे त्या योजनेत येतात. एकनापुरम आणि आसपासच्या गावांनी भूसंपादनास दीर्घकाळ विरोध केला. तो वाद जमिनीच्या मोबदल्याचा आणि गाव राखण्याचा आहे, आणि ज्यांची जमीन जाणार त्यांची नावे निदान यादीत आहेत. त्या यादीच्या सीमेबाहेर, धावपट्ट्यांच्या रेषेत जी गावे उद्या येतील, त्यांचे एकही शेत संपादित होणार नाही, म्हणून त्यांना कोणतीही नोटीसही जाणार नाही. विमानतळास पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागते आणि २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे त्यासाठी जनसुनावणी घेण्याची पद्धत आहे. आवाजाचा नकाशा तेथे मांडला, त्या रेषेत नवी शाळा व नवी वसाहत होऊ न देण्याचे कलम आराखड्यात घातले, आणि आजच्या घरांच्या ध्वनिरोधनाची रक्कम विमानतळाच्या बांधकाम खर्चातच धरली, तर तो खर्च धावपट्टीच्या काँक्रीटपुढे नगण्य ठरेल. पहिले विमान उतरल्यानंतर तीच रक्कम कोणाच्या खात्यावर टाकावी, यावर न्यायालयात वर्षे जातील.